नोटिशीतले सावंतकाका

“‘त्रास’ नको. ‘न्यूसन्स’ लिहा,” चेअरमन दामलेसाहेब म्हणाले. मी नोटीस टाइप करत होते.

मी हाउसिंग सोसायट्यांची मॅनेजर. वर्तकनगरातल्या चार सोसायट्या बघते. मेंटेनन्स, पाणी, लिफ्ट आणि मेंबरांची भांडणं. न्यूसन्स म्हणजे शेजाऱ्याला स्वतःच्याच घरात सुखाने राहता येऊ नये असा, पुन्हापुन्हा होणारा उपद्रव. गच्चीवर दारू पिणारे, जिन्यात कचरा टाकणारे, यांच्यासाठी हा शब्द मी कितीदा वापरलाय. या वेळी तो सावंतकाकांसाठी हवा होता.

काका तिसऱ्या मजल्यावर मुलीकडे राहायचे, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. ऐंशी उलटलेली. सगळं विसरत चाललेले, पण आरत्या एकूण एक पाठ. सोसायटीच्या गणपतीत झांज त्यांच्याच हातात असायची. काका सुरू करायचे आणि अख्खी सोसायटी मागून म्हणायची. दामलेसाहेब तर येईल त्याला सांगायचे, असा माणूस ठाण्यात शोधून सापडणार नाही.

गणपती गेले, पण काकांची आरती काही संपेना. भर दुपारी बाल्कनीत उभं राहून झांज वाजवायची आणि खणखणीत आवाजात सुरू. मुलीने, म्हणजे वर्षाने, झांज लपवली, तर काकांनी ताट-चमचा घेतला. खालच्या मजल्यावर एक नर्स राहते. नाइट ड्यूटी करून येते, दुपारी झोपते. ती माझ्यासमोर रडली. तिचं तरी काय खोटं होतं? मला दोघींचंही वाईट वाटत होतं.

मी साहेबांना म्हटलं, नोटिशीआधी सगळ्यांना एकदा समोरासमोर बसवू. दुपारी कोणीतरी काकांना खाली बागेत फिरवून आणेल, काहीतरी मार्ग निघेल. त्यांचं म्हणणं, आज एकाला सवलत दिली की उद्या सगळे मागत येतील. माझं डोकंच फिरलं.

“मग निदान मराठीत लिहू या,” मी म्हटलं. “सावंतकाका दुपारी आरती म्हणतात, सबब जागा रिकामी करून घ्यावी.”

साहेब म्हणाले, “असं कसं लिहिणार, मॅडम? बरं दिसतं का ते? न्यूसन्स लिहा.”

त्या शब्दाचा खरा उपयोग मला तेव्हा कळला. मराठीत लिहिलं की कोणीतरी विचारतं, कसला त्रास, कोणाला? न्यूसन्सला कोणी काही विचारत नाही.

नोटीस फ्लॅटच्या मालकाला गेली. भाडेकराराला आमच्याकडे लीव्ह अँड लायसन्स म्हणतात. त्यात न्यूसन्सचं एक कलम असतंच. मालक पुण्याला, काकांना त्याने कधी बघितलंही नव्हतं. त्याने कलमावर बोट ठेवलं आणि वर्षाला जागा सोडायला सांगितलं.

वर्षा नोटिशीची कॉपी घेऊन ऑफिसात आली. भांडेल असं वाटलेलं, पण तिने खुर्ची पुढे ओढून घेतली.

“मॅडम, या घरात बाबांना बाथरूम कुठे आहे ते अजून कळतं. डॉक्टर म्हणालेत, घर बदलू नका.” मग कागद माझ्याकडे सरकवला. “यात बाबांचं नावही नाही हो.”

मी मालकाला फोन करून थोडी मुदत मागून बघितली. नाही म्हणाला. घरात असा म्हातारा माणूस आहे म्हटल्यावर वर्षाला कोणी जागा देईना. शेवटी डोंबिवलीत, कोपरला एक खोली मिळाली. जाताना काका टेम्पोपाशी उभं राहून मला विचारत होते, विसर्जन आजच आहे का. मी हो म्हटलं.

पुढच्या वर्षी गणपती आले. आरती मोबाइलवर लावली. माणसं हात जोडून उभी होती, तोंड कोणाचंच हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दामलेसाहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, वर्षाला फोन करा, काकांना रिक्षाने आणू, आरतीपुरतं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी केला फोन. वर्षा चिडली नाही.

“आणलं असतं हो,” ती म्हणाली, “पण बाबा आता बोलत नाहीत. झांज दिली तर नुसती धरून बसतात.”

हल्ली कुठलीही नोटीस मी आधी मराठीत लिहिते, जे घडलं ते सरळ. मग चेअरमनला वाचायला देते. बहुतेक वेळा ते म्हणतात, मॅडम, हे इंग्लिशमध्ये करा.