पत्राच्या शेवटच्या दोन ओळी

बाळांनो, तुमच्या डॉक्टरांच्या फॉर्मवर घरातल्या आजारांचा रकाना आहे आणि तुमच्या आईनं तो मला भरायला सांगितला आहे. ‘आजोबा, स्वादुपिंडाचा कर्करोग’ एवढंच त्यात मावतं. बाकीचं इथे लिहिते, कारण ते सांगू शकणारी दुसरी एकच बाई उरली आहे आणि ती खोटं सांगेल.

ती माझी नणंद. आजोबांची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली, मूल गावातल्या आमच्या घरात माझ्याही आधीपासून राहणारी. मी शाळेत इंग्रजी शिकवते हे तिला कधीच खपलं नाही. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हा आजोबा गेले; रोग कळून चार महिनेही झाले नव्हते. तेरवीच्या पंगतीत सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणाली, “घरात उंदीर नाचून राह्यले आन् ही शाळेत इंग्रजी शिकवून राह्यली. उंदराचा उष्टा तांदूळ खाऊन गेला माहा भाऊ.”

तांदळाच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, उंदीर होते, हे खरं. मूलमध्ये कोणाच्या ढोलीत नव्हते? पण त्यानंतर शेजारणी माझ्याकडे चहासुद्धा टाळू लागल्या.

तुमचा मामा तेव्हा परदेशात याच रोगाच्या प्रयोगशाळेत होता. मी त्याला संतापून पत्र लिहिलं. त्यानं उत्तरात इंग्रजीतून प्रयोगशाळेतल्या उंदरांविषयी लिहिलं. पेशींना वाढायला सांगणारं एक जनुक स्वादुपिंडात कायम चालू राहील असं बदललं, की तिथे हळूहळू बिघाड सुरू होतो. वाढीला आवर घालणारं दुसरं जनुकही मोडलं, की कर्करोग झपाट्यानं येतो. त्याच पिंजऱ्यात तेच दाणे खाणारे साधे उंदीर मात्र ठणठणीत. शेवटी दोन ओळी होत्या: ‘आई, हे बदल आम्ही मुद्दाम घडवतो. माणसात ते बहुतेक वेळा त्या अवयवातच, आयुष्यात कधीतरी होतात. आईवडिलांकडून क्वचितच येतात.’

ते पत्र मी नणंदेला मराठीत वाचून दाखवलं. शेवटच्या दोन ओळी गाळल्या. मुद्दाम गाळल्या.

“बाई, दोष तांदळात नाही,” मी म्हणाले. “तुमच्या घराण्याच्या रक्तात आहे. तुमच्यासुद्धा.”

तिचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. त्याचा पश्चात्ताप मला आजही नाही.

पश्चात्ताप आहे तो पुढचा. तुमच्या आईचं साक्षगंध नागभीडच्या एका घरी ठरलं होतं. नणंदेनं माझंच वाक्य तिथवर पोचवलं. मुलाचे वडील आले, ते बसलेसुद्धा नाहीत. मी पत्र काढून गाळलेल्या ओळी वाचल्या. ते शांतपणे म्हणाले, “बाई, घरच्याले एक सांगता, आमाले दुसरं. आमी कोणतं धराव?”

साक्षगंध तिथेच मोडलं. ते गेल्यावर तुमची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “आई, जिंकलीस ना?” दोन महिन्यांत तिनं लांबची नोकरी धरली. तुमचे वडील तिला तिथेच भेटले. ती आता हे हसून सांगते. मला हसू येत नाही.

तर फॉर्मवर लिहिते: आजोबा, माहितीत आणखी कोणी नाही. नणंद पंच्याऐंशीची आहे, धडधाकट आहे, आपल्या वेगळ्या चुलीवर शिजवते आणि माझ्याशी बोलत नाही. पत्र माझ्या ट्रंकेत आहे, शेवटच्या दोन ओळींसकट.