कडुनिंबाच्या समोर

समता कॉलोनीत मी घरीच बायकांना इंग्रजी बोलायला शिकवते. पहिला धडा घराच्या पत्त्याचा: बिहाइंड द क्लिनिक, निअर द टँक, ऑपोझिट द टेम्पल. आई कोपऱ्यात मटार सोलत ऐकते आणि सगळ्यांच्या आधी उत्तर देते.

परवा आमची नवी गादी घेऊन निघालेल्या टेम्पोवाल्याने रस्ता विचारायला फोन केला. आईने तो उचलला आणि ऐटीत सांगितलं, "भैया, ऑपोझिट द नीम ट्री!"

मी कपाळावर हात मारला. तो कडुनिंब रस्ता रुंद करताना कधीचाच तोडलाय.

"आई, जे झाडच नाही, त्याच्या समोर तो माणूस येणार कसा?"

"तू काहून चिडून राहिली? येते तो."

मी फोन हिसकावून घेतला आणि वर्गात शिकवते तसा चोख पत्ता दिला: क्लिनिकच्या मागे, ब्यूटी पार्लरच्या बाजूला. टेम्पोवाला भलत्याच क्लिनिकच्या मागे जाऊन हॉर्न वाजवत बसला. आमच्याकडे क्लिनिकं पायलीला पन्नास सापडतील!

शेवटी त्याने वैतागून पानठेल्यावर आईचाच पत्ता विचारला, "नीम के सामने वाला घर?" पानवाल्याने मान वर न करता आमच्या फाटकाकडे बोट दाखवलं.

गादी आत आली. आई मटार सोलतच म्हणाली, "तुझे दवाखाने तर उद्या बंद होतीन. झाड तर तोडून झालं, आता ते कुठं जाते?"