मावशींच्या नाडीचे दोन आकडे

माझं डोकं लवकर तापतं हे आमच्या डायलिसिस वॉर्डात सगळ्यांना ठाऊक आहे. पण मशीनवर मी कधी चिडत नाही, माणसांवर चिडते. मशीन कशाला खोटं बोलेल, खोटं बोलतात ती माणसं, असा तेव्हा माझा पक्का समज होता.

सांगलीच्या एका हॉस्पिटलात मी टेक्निशियन आहे. किडन्या निकामी झालेल्यांच्या रक्तवाहिन्या किती कडक झाल्यात ते मोजायचं काम माझ्याकडे. पेनासारखा सेन्सर एकदा मानेवर, एकदा जांघेत धरायचा, मधलं अंतर टेपनं घ्यायचं, की नाडीची लाट तेवढं अंतर किती वेगानं जाते ते मशीन सांगतं. वाहिनी जितकी कडक, तितकी लाट जोरात पळते. ऐकायला सोपं आहे हो, पण पेशंट नुकता चहा पिऊन आला, जिना चढून आला, मधेच बोलला, तरी आकडा हलतो. म्हणून माझे नियम ठरलेले. मोजायचं ते डायलिसिसच्या आधीच, दहा मिनिटं गप पडायचं, चहा नाही, तंबाखू नाही. माझे वडील कोयनानगरला धरणावर पाण्याची पातळी टिपायचे. एकदा बघून त्यांनी वहीत कधी लिहिलं नाही. परत बघायचे, मगच लिहायचे. ते खूळ माझ्यात उतरलंय.

कवठे महांकाळहून एक मावशी यायच्या, आठवड्यातून दोनदा, एसटीनं. डायलिसिसवाल्यांना पाणी मोजकंच, म्हणून दिवसाचं पाणी घरातल्या सगळ्यात लहान पेल्यानं मोजून प्यायच्या. त्यांचा थोरला भाऊ कुंडलला असतो, फौजेतून रिटायर होऊन ऊस करतो. तो बहिणीला किडनी द्यायला तयार होता आणि त्याच्या सगळ्या तपासण्या जुळल्या होत्या. अडलं होतं ते मावशींच्या वाहिन्यांवर, फार कडक असतील तर ऑपरेशन धोक्याचं. लाटेचा वेग एकदा सेकंदाला चौदा मीटर आला, पुढच्या खेपेला बारा, मग परत चौदा. डॉक्टर म्हणाले, आकडा एका जागी थांबल्याशिवाय ऑपरेशनचं बोलायचं नाही, आणि चौदाच खरा निघाला तर मग अवघड आहे.

झालं! मी मशीन तपासलं, टेप बदलला, दुसऱ्या टेक्निशियनला मोजायला लावलं. तिलाही तसंच. मग माझं डोकं फिरलं. मावशींना विचारलं, चोरून चहा घेता का? नाही म्हणाल्या. तंबाखू? तीही नाही. भावाला बाहेर गाठलं, तर तो ताठ उभा राहून म्हणाला की आमच्या घरातल्या बायका तंबाखूला शिवत नाहीत. मी आत येऊन सगळ्यांदेखत मावशींना सुनावलं की खोटं बोलून स्वतःचंच नुकसान करून घेताय. त्या भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. अजून आठवलं की लाज वाटते.

पुढच्या खेपेला त्यांच्या अंगावरची चादर सारखी करताना त्यांचा हात दिसला. पहिलं बोट काळं, पार नखाच्या कडेपर्यंत. ते बोट मी लगेच ओळखलं. माझ्या आईचं रोज सकाळी तसंच असतं. मशेरी! तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. आमच्या भागातल्या कितीतरी बाया तिनं दात घासतात. जन्मभर बघत आले, पण मेलं सुचलं नाही.

मी विचारलं तर मावशी माझ्याकडं बघतच राहिल्या.

"आवं बाई, ती तंबाखू कुठली? त्यानं दात घासत्यात."

घरून पहाटेच्या एसटीनं आल्या की त्या इथंच खालच्या नळावर मशेरी लावायच्या आणि तशाच वर येऊन माझ्या टेबलावर झोपायच्या. भावाकडं मुक्काम असला की पहाटेच उरकलेलं असायचं. चौदा कुठून यायचा आणि बारा कुठून, ते मला कळलं. मी कपाळावर हात मारून घेतला आणि हसत सुटले. मावशी मात्र हसल्या नाहीत.

"मीठ सोडलं, केळं सोडलं, पानी सोडलं," त्या म्हणाल्या. "एवढंच ऱ्हायलं हुतं माजं."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, मावशी, माझं चुकलं. तुम्ही खोटं बोलला नव्हता, मलाच नीट विचारता आलं नाही. त्यांनी कमरेची चंची सोडून आतली मशेरीची डबी माझ्या हातात दिली.

त्यानंतर लागोपाठ तीन खेपा मोजलं. तिन्ही वेळा बाराच्या आसपास. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि ऑपरेशनच्या तयारीची चिठ्ठी लिहिली.

पुढं काही महिन्यांनी मावशी भावाला घेऊन वॉर्डात आल्या, नव्या किडनीनिशी. आल्या आल्या पाणी मागितलं. मी सवयीनं लहान पेला पुढं केला, तर त्यांनी तो बाजूला सारला, कोपऱ्यातला भरलेला तांब्या उचलला आणि उभ्यानंच घटाघटा रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं. मग कुणी न सांगताच माझ्या टेबलावर जाऊन पडल्या आणि दहा मिनिटं अवाक्षर काढलं नाही.

"घ्या, मोजा आता."

पहिला आकडा डोळ्यांतल्या पाण्यामुळं मला दिसलाच नाही. परत मोजला, मगच लिहिला.