निद्रिस्त इसम प्रवासी समजावा

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मोजता येण्यासारखं जे जे दिसेल ते सरकार मोजून पाहत होतं. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत रस्त्यांची पाळी आली. अमरावतीहून अकोल्याला जाताना, अकोल्याच्या सात-आठ मैल अलीकडे, येणारी-जाणारी वाहनं मोजायचं एक ठाणं ठरलं. तिथं बसायला दोन मास्तर हवे होते. एक मी, अमरावतीच्या राजापेठेत राहणारा, गणिताचा. दुसरे आमच्याच शाळेतले चित्रकलेचे. चित्रकलेच्या मास्तरांची निवड कोणत्या गुणावर झाली, असं मी विचारलं, तेव्हा कळलं की तिसरा अर्ज आलाच नव्हता.

पहिल्या दिवशी मुंबईहून आलेल्या संशोधन अधिकाऱ्यांनी आम्हां दोघांना आणि एका चपराशाला उन्हात उभं करून भाषण केलं. रस्ता सुरक्षित कसा करावा, त्यातला मोटारवाल्याचा वाटा किती आणि बंडीवाल्याचा, म्हणजे बैलगाडीवाल्याचा, किती, आणि बंडीच्या चाकांच्या लोखंडी धावांनी डांबर उखडू नये म्हणून काय करावं, या तीन प्रश्नांची उत्तरं आमच्या तक्त्यांतून निघणार होती. तक्ते त्यांनी स्वतः आखले होते. ते हातात देताना त्यांची नजर लेक सासरी धाडणाऱ्या बापासारखी झाली होती.

तक्त्यात ट्रक, बस, मोटार, सायकल, बैलगाडी, पादचारी आणि ‘इतर’ असे रकाने होते. पहिल्याच तासात पंक्चर झालेली सायकल खांद्यावर घेतलेला एक माणूस आला. चित्रकलेच्या मास्तरांनी त्याला ‘इतर’मध्ये घातलं आणि समासात त्याचं चित्र काढलं.

खरी अडचण बंड्यांची होती. प्रत्येक बैलगाडीच्या चालकाला कुठून आला, कुठे निघाला, कशासाठी, हे विचारायचं होतं. कापसाचा हंगाम. रात्रभर बंड्या हाकून माणसं सकाळी अकोल्याच्या बाजारात पोचायची, कापूस विकायची, झुणका-भाकर खायची आणि रिकाम्या बंडीत आडवी व्हायची. बैल त्यांना घरी आणायचे. दुपारी आमच्यासमोरून सात-सात बंड्यांची रांग जायची आणि सातांमधून एकही डोकं वर दिसायचं नाही.

“साहेब,” मी विचारलं, “झोपलेल्या माणसाला चालक धरायचं का?”

साहेबांनी डोळे मिटले. मग कागद मागवून स्वतःच्या हातानं आदेश लिहिला: ‘वाहन चालू असता निद्रिस्त इसम चालक समजू नये. प्रवासी समजावा.’ खाली सही केली, तारीख घातली आणि ते अकोल्याच्या विश्रामगृहावर निघून गेले. त्या आठवड्यात आम्ही पुष्कळ प्रवासी मोजले.

आठव्या दिवशी साहेब तपासणीला आले. आमची राहुटी उन्हात होती आणि त्यांना घाम आला. मैलभरात सावली एकच. रस्त्याच्या कडेला विहीर, तिच्याजवळ गुरांना पाणी पिण्याचा हौद, आणि हौद व रस्ता यांच्या मधोमध एक मोठा कडुनिंब. साहेबांनी राहुटी त्या निंबाखाली हलवायला सांगितली.

चपराशी जवळच्याच गावचा, पिकल्या मिशांचा गृहस्थ. तो म्हणाला, “सायेब, इथं नोका लावू. इथून बंड्या वळतेत पान्याले.”

“वळण्याची खूण कुठे आहे?”

“खून कायची सायेब? बैलाईले मालूम हाय.”

“खूण नाही, म्हणजे वळण नाही,” साहेब म्हणाले. राहुटी हलली.

दुपारी तीनच्या सुमारास साहेब आत खुर्चीवर बसून जनावरांच्या रस्त्यावरील वर्तनाविषयी मला मजकूर सांगत होते. ‘जनावर हे स्वभावतः’ इथपर्यंत आले, आणि राहुटीच्या दारातून दोन बैल आत आले. ते घाईत नव्हते. पाहुण्यांसारखे आले आणि पलीकडच्या कापडातून तसेच बंडीसकट बाहेर पडले. मधल्या काळात खांब गेला, चहा गेला, आणि राहुटी साहेबांवर बसली. मी मजकुराचे कागद छातीशी धरून आधीच बाहेर आलो होतो.

बैल फाटलेलं कापड शिंगावर घेऊन हौदापर्यंत गेले आणि पाणी पिऊ लागले. मागच्या सहा बंड्या शिस्तीत थांबल्या. बंडी थांबल्यामुळे पहिल्या बंडीतला म्हातारा उठून बसला. चालत्या बंडीत ती हाकणाऱ्या धुरकऱ्याला जाग येत नाही, थांबलेल्या बंडीत झोप लागत नाही.

“आलं काय गाव?” त्यानं विचारलं.

तोवर आम्ही साहेबांना बाहेर काढलं होतं. गुडघा खरचटला होता. हॅट चाकाखाली होती.

“खटला भरतो तुमच्यावर!” साहेब ओरडले. “बैल आत्ताच्या आत्ता कोंडवाड्यात जातील!”

म्हाताऱ्याची उरलेली झोप त्या एका शब्दानं उडाली. तो खाली उतरून बैलांच्या आणि साहेबांच्या मध्ये उभा राहिला. “कोंडवाड्यात? ह्याईले? सायेब, घरात पयल्या वेचनीचा कापूस पडून हाय, दुसरी वेचनी वावरात उभी हाय. जोडी येकच हाय माह्याजवळ. मले कोंडा ना. मी काई वढत नाई.”

“हा रस्ता मोटारींसाठी आहे, झोपायला नाही!”

“रस्ता आमच्या बैलाईनं पाडला, सायेब. तुमी फक्त काळा केला.”

हे ऐकून साहेब इतके संतापले की त्यांनी अपघात-पत्रक मागवलं. आठवड्यात एकही अपघात न झाल्यामुळे ते कोरंच होतं. ते हातात येताच त्यांचा आवाज जरा खाली आला. पत्रकही त्यांनीच आखलेलं होतं.

“लिहा. चालकाचं नाव?”

मी लेखणी उचलली आणि थांबलो. म्हातारा बैलांच्या पाठीवरून हात फिरवत होता. दोन्ही बैल हौदातून तोंड काढून आमच्याकडे पाहत होते. मी खिशातून आदेश काढला.

“साहेब, चालक कोणाला धरू? हा इसम निद्रिस्त होता.”

साहेबांनी आदेश वाचला. मग सही वाचली. मग पुन्हा आदेश.

“पहिल्या आठवड्याचे तक्ते याच नियमानं मुंबईला गेले आहेत,” चित्रकलेचे मास्तर अपघाताचा नकाशा काढता काढता म्हणाले. पत्रकात नकाशाला चौकोन होता आणि ते बैलाच्या वशिंडाला छाया देत होते.

“मग चालक कोण?” साहेबांनी विचारलं.

“बैल, सायेब,” चपराशी म्हणाला. “दुसरं जागं कोन होतं तिथं?”

साहेब प्रामाणिक होते, हे मला इथं नमूद केलं पाहिजे. दुसरा कोणी असता तर त्यानं आदेश फाडला असता. त्यांनी खुर्ची मागवली, बसले आणि म्हणाले, “लिहा. चालक: बैल, दोन.”

वय लिहायला चपराशानं दात पाहिले. परवाना: नाही. दृष्टी: उत्तम. मद्यपान: नाही. बाजू: डावी. वेग: चालण्याचा. ‘चालकास मार्ग परिचित होता काय’ या प्रश्नावर म्हाताऱ्यानं सांगितलं, “माह्या बापाच्या बैलाईपासून इथंच पानी पेतेत.”

मग आला ‘अपघाताचे कारण’ हा रकाना. चार पर्याय होते. साहेबांनी पहिल्यावर बोट ठेवलं. चालकाची बेफिकिरी.

“म्हणजे समन्स बैलांना जाईल,” मी म्हणालो.

“अंगठा घ्याले अडचन जाईन,” चपराशी म्हणाला.

साहेबांचं बोट दुसऱ्या पर्यायावर गेलं, तिसऱ्यावर गेलं आणि चौथ्यावर बराच वेळ राहिलं. शेवटी त्यांनी सांगितलं, “मार्गातील अडथळा. कंसात लिहा, राहुटी.”

“उपाय?”

“अडथळा हलवावा.”

“अडथळ्यास जबाबदार व्यक्ती?”

साहेबांनी पत्रक माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः लिहिलं: ‘स्थानिक परिस्थिती’.

म्हाताऱ्याला यातलं इतकंच समजलं की जोडी जात नाही. तो चित्रकलेच्या मास्तरांना हळूच म्हणाला, “म्हंजे मी कोन झालो?”

“प्रवासी.”

“मंग तिकिटाचे पैसे कोनाले द्याचे?”

“बैलाले दे,” चपराशी म्हणाला. “घरी गेल्यावर सरकी चार.”

राहुटी रस्त्याच्या पलीकडे, पुन्हा उन्हात गेली. साहेब संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला गेले. चेपलेली हॅट त्यांनी हातात धरली होती.

चार दिवसांनी म्हातारा पुन्हा अकोल्याहून परतताना दिसला. या वेळी तो बंडीत ताठ बसला होता. डोक्याला नवा शेला, हातात कासरा. सरकारनं आपल्याला वाचवलं तर सरकारसमोरून झोपून जाणं बरं नव्हे, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. आम्हांला पाहताच त्यानं मोठ्यानं रामराम घातला आणि नीट भेटावं म्हणून कासरा उजवीकडे ओढला. बैलांना डावीकडे हौदाकडे जायचं होतं. त्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. घरच्या वाटेवर त्यांना जन्मात पहिल्यांदाच कोणी आपलं मत सांगितलं होतं. शेवटी ते बिचारे उजवीकडे आले, बंडी पूर्ण रस्ता ओलांडून आमच्या राहुटीच्या दोरांत शिरली आणि राहुटी दुसऱ्यांदा बसली. आत कोणी नव्हतं. पाण्याचा माठ फुटला.

म्हातारा उतरला, सांडलेलं पाणी पाहिलं आणि बाहेर टेबलावरच्या अपघात-पत्रकांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. आता तो चालक होता. जागा होता, चुकीच्या बाजूला होता, आणि कासरा अजून त्याच्या हातात होता.

“मास्तर,” तो म्हणाला, “झोपलो असतो तं झालं नसतं ना हे?”

“नसतं झालं.”

“मंग झोपलो होतो आसंच लिवा ना. जोडीचं भलं होईन.”

मी चित्रकलेच्या मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी नवं पत्रक घेऊन नकाशाच्या चौकोनात बंडी काढायला सुरुवात केलीच होती. बंडीत एक माणूस उताणा, तोंडावर शेला घेऊन, पाय पसरून गाढ झोपलेला होता.

मी खाली लिहिलं: प्रवासी, एक.