पाणी मागणारे नाना

तहान लागलेली नसतानाही नाना पाणी मागायचे. अनोळखी गल्लीत शिरायचं, एखाद्या दाराची कडी वाजवायची आणि म्हणायचं, "व माय, जरासं पानी दे." वैशाखातल्या जळगावात भर दुपारी पाणी मागणाऱ्याला कोणी हसत नाही. मी मात्र पहिल्यांदा ओशाळलो, कारण घरून निघताना त्यांनी माझ्यासमोरच तांब्याभर पाणी रिचवलं होतं.

"तहानेसाठी नाही रे, नाशिककर," ते म्हणाले. "जिथं राहायचं तिथली माणसं पाणी कसं देतात ते बघतो. बठ्ठं, सगळं त्यात समजतं."

नाना आमचे हेडक्लार्क. मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी नाशिकहून बदलून आलो आणि त्यांनी मला नाशिककर हेच नाव ठेवलं. पहिल्याच उन्हाळ्यात पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत माझ्या धाकटीला ऊन लागलं, ती जेमतेम वाचली. आता गावाबाहेर, मोकळ्यावर घर बांधायचं असं बायकोनं ठरवून टाकलं. नानांनाही रिटायर होण्याआधी प्लॉट घ्यायचा होता. तेव्हा हायवेच्या कडेनं शेतं मोडून कॉलन्या पडत होत्या. चुन्याच्या रेघा, मध्ये मैलाच्या दगडासारखे प्लॉटचे नंबर आणि भेगाळलेली काळी जमीन. आम्ही दोघं सायकलींवरून रविवारी दुपारी हिंडायचो.

मी बस किती लांब, शाळा कुठे, झाडं आहेत का, हे बघायचो. नाना दारं वाजवायचे. एका कॉलनीत जाळीच्या दारामागून "कोण पाहिजे?" एवढंच आलं आणि आतलं दार लागलं. दुसरीकडे एकानं पाणी दिलं, पण पेला परत घेताना तो कडेला उपडा ठेवला. नानांनी बाहेर येऊन सायकलला टांग मारली. "जात विचारली त्यानं, तोंड न उघडता. चल."

तिसऱ्या ठिकाणी अक्का भेटल्या. विधवा बाई, पदरी एकुलती मुलगी, कॉलनीतलं पहिलं घर त्यांचं. शेत मोडताना त्यातली विहीर ओपन स्पेसमध्ये तशीच राहिली होती. अक्कांनी त्या विहिरीचं पाणी आणलं, सोबत वाटीत गूळ. वर रागावल्या, "एवढ्या उन्हात पोरासोरासारखे हिंडता? बसा आधी." नाना ओसरीवर बसले ते तासभर उठलेच नाहीत. निघताना म्हणाले, "आठे ऱ्हावानं. पानी गोड शे, मानसं त्याहून गोड."

त्या दुपारी अक्कांनी आम्हाला दारातून हाकललं असतं, तर किती बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

शेजारशेजारचे दोन प्लॉट मिळाले. एक विहिरीला लागून, दुसरा त्याच्या पलीकडे. विहिरीजवळचा आधी नानांच्या वाट्याला आला होता. त्यांनी तो मला दिला. "तुझी लेकरं लहान आहेत. वहिनीनं लांबून पाणी कशाला ओढायचं?" माईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, कपाळाला आठी घातली. नाना हसले, "हिला वाटतं मी उद्या घरही देऊन टाकेन."

कॉलनीला गटार नव्हती. प्रत्येक घराला संडासासाठी शोषखड्डा घ्यावा लागे आणि तो विहिरीपासून लांब, रस्त्याकडेला घ्यायचा असं सगळ्यांचं ठरलं होतं. हे ठरवणारेही नानाच. माझं बांधकाम चालू होतं तेव्हा ते लग्नसराईत गावी गेले होते. पुढच्या अंगणात बायकोला तुळस आणि मोगरा हवा होता. दारात खड्डा नको, असं तिचं आणि माझंही मत पडलं. गवंडी म्हणाला, "साहेब, मागं विहीर शे." मी म्हणालो, "काळी माती आहे, पाणी कुठलं जातंय?" खड्डा मागे घेतला, वर फरशी टाकली, फरशीवर माती ओढली.

नाना गावाहून आले. घर फिरून बघितलं, मोगऱ्याच्या रोपाला हात लावला. "खड्डा कुठं घेतला रे?"

"पुढंच. रस्त्याकडेला."

"शाबास."

पुढच्या उन्हाळ्यात नानांनी विहिरीचा गाळ काढायचा घाट घातला. स्वतः दोरानं खाली उतरले, चिखलानं माखून वर आले. तळाशी एक झरा मोकळा झाला म्हणून त्यांनी गल्लीत पेढे वाटले. तोवर कॉलनीतल्या दोन्ही गल्ल्या भरल्या होत्या. निम्मी कुटुंबं नानांनीच आणलेली. घर शोधणाऱ्याला ते विहिरीवर न्यायचे, पोहऱ्यातून पाणी पाजायचे आणि म्हणायचे, "आता बोला."

पावसाळ्यात विहीर काठोकाठ आली. बायको म्हणाली, पाण्याला वास येतो. मी म्हणालो, नव्या पावसाचा असेल. मग समोरच्या घरातल्या मुलाचे डोळे पिवळे झाले. मग त्याच्या बापाचे. मग त्यांच्या शेजारी. माझी दोन्ही मुलं पडली आणि उठली. नाना घरोघर जाऊन उसाचा रस आणि धीर देत होते. मी रोज संध्याकाळी मागच्या दारात उभा राहून त्या फरशीकडे बघायचो. वरच्या मातीत गवत छान हिरवंगार उगवलं होतं.

अक्कांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कावीळ गरोदर बाईला सोडत नाही, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ती गेली, पोटातलं मूलही गेलं. अक्का रडल्या नाहीत. ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

पाणी तपासलं, त्यात मैला निघाला. मारुतीच्या ओट्यावर सगळे जमले. ज्याचा त्याचा खड्डा कुठे, ते विचारलं गेलं. माझी पाळी आली. मी तोंड उघडायच्या आत नाना बोलले, "याचा पुढं आहे. मला माहीत आहे."

मी मान हलवली.

मग एकजण म्हणाला, "खड्डे लांब आहेत, तर घाण आली कुठून? गाळ काढताना झरा कोणी फोडला? पलीकडच्या नाल्याचं पाणी त्यातूनच शिरलं." सगळ्यांची तोंडं नानांकडे वळली. ते काहीतरी सांगायला उठले आणि पुन्हा बसले. त्यांना ते पटलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत त्या माणसाला ते पटलं.

नंतर पोरं त्यांना रस्त्यात विचारायची, "नाना, आज कोणाला पाजायचं?" मोठी माणसं पोरांना गप्प करत नव्हती. दिवाळीआधी नानांनी घर मिळेल त्या भावात विकलं. ट्रकमध्ये सामान चढवताना मी मदतीला गेलो. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "लेकरांना उकळून पाणी दे. आणि अक्काकडे बघत जा. मला तिच्या दारात जायला तोंड नाही." माई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही.

त्याच महिन्यात, जुना खड्डा भरला असं सांगून, मी अंगणातला मोगरा उपटून तिथे नवा खड्डा घेतला आणि मागचा बुजवला. पुढे नळ आले, विहीरही बुजली. खेड्यात गेल्यावर नाना फार जगले नाहीत. पण आमच्या कॉलनीत अजून कोणी नवीन राहायला आलं की त्याला विहीर बिघडवणाऱ्या नानांची गोष्ट सांगतात. मी ती कितीदा ऐकली आणि मान हलवली.

नानांनी काहीही बिघडवलं नव्हतं. शोषखड्डा माझा होता.

इथवर लिहून झाल्यावर मी आधी अक्कांकडे गेलो. त्या फार थकल्या आहेत, पण कान शाबूत आहेत. मी सगळं सांगितलं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. इतकी वर्षं त्या मला 'भाऊ, तुम्ही' म्हणत आल्या.

"नानाच्या घरी सांगितलं?"

"नाही."

"माई आहे अजून. मुलाकडे असते, धुळ्याला."

"हो, ऐकलंय."

"मग माझ्या दारात काय बसलास? ऊठ."