चेंबरमध्ये एक, मॅगझिनमध्ये बारा

फौजेत सतरा वर्षं काढून मी हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि माजी सैनिकांच्या जागेवर पोलिसात लागलो. गाव नेसरी. पलटणीत माझ्याकडं कोत होती. कोत म्हणजे हत्यारांची खोली. पोलिसांनी माझी कागदपत्रं चाळली आणि मला पुन्हा हत्यारांच्याच खोलीत नेऊन बसवलं. इथं, पोलीस मुख्यालयात, तिला शस्त्रागार म्हणायचे. लोखंडी दार, दोन कुलपं, जाळीची एक खिडकी आणि आत मी. सकाळी आठला उघडायचं, संध्याकाळी सहाला बंद करायचं. आत दिवसभर बोलायला कुणी नसायचं, आणि माझा स्वभावही बोलका नाही, त्यामुळं त्या खोलीचं आणि माझं बरं जमलं.

आता मी कसबा बावड्यात राहतो. फौजेतून आलेल्याला इकडं सगळे मेजरच म्हणतात. लग्नाकार्यात लोक विचारतात, "मेजर, पोलिसात किती जणांना उडवलं?" सिनेमे बघून डोकी फिरलीत. पोलिसातल्या चौदा वर्षांत मी कुणावरही गोळी झाडलेली नाही. माझं काम हत्यार देणं, परत घेणं आणि पुसून ठेवणं. अधिकाऱ्यांच्या कमरेला जे लटकतं ते आधी माझ्या हातातून जायचं.

खिडकी कमरेच्या उंचीला होती. त्यामुळं साहेब लोक मला आधी कमरेपासून कळायचे आणि मग तोंडावरून. एका इन्स्पेक्टरांचं पोट इतकं वाढलं की होल्स्टर सरकत सरकत पाठीवर गेलं. हत्यार काढायची वेळ आली असती तर दुसऱ्या कुणाला तरी मागून काढून द्यावं लागलं असतं. दुसऱ्या एका साहेबांनी रिव्हॉल्व्हर इतकी वर्षं बाहेरच काढलं नव्हतं की ते कातड्याला चिकटून बसलं होतं. मी तेल सोडून अर्धा तास झगडलो. एक बाई अधिकारी होत्या, बोटं आखूड, पिस्तुलाची मूठ त्यांच्या हातात मावायची नाही. त्या दर आठवड्याला रेंजवर यायच्या आणि सगळ्या पुरुषांपेक्षा चांगला नेम धरायच्या. खंडेनवमीला सगळी हत्यारं मांडून पूजा व्हायची. झेंडू, हळद, कुंकू. पुढचे तीन दिवस मी नळ्यांतलं कुंकू काढत बसायचो. देवाला मी मानतो, पण नळीत कुंकू गेलेलं मला चालत नाही.

फौजदार दस्तगीर मुजावर हे या सगळ्यांत वेगळे. हुपरीचे. घरात भाऊ चांदीचे पैंजण घडवायचे, हे एकटेच पोलिसात आले. शिपाई म्हणून लागले, परीक्षा देऊन पीएसआय झाले. त्यांच्याकडं पॉइंट थ्री एटचं जुनं रिव्हॉल्व्हर होतं, सहा गोळ्यांचं. बदल्या झाल्या तरी परत येऊन तेच मागून घ्यायचे. मुठीचं लाकूड त्यांच्या अंगठ्याखाली झिजून गुळगुळीत झालं होतं. जमा करताना ते स्वतः पुसून आणायचे. खिडकीशी दोन मिनिटं थांबायचे आणि विचारायचे, "मेजर, जेवलासा?" दिवसातून मला हे विचारणारं मुख्यालयात दुसरं कुणी नव्हतं.

पुढं हुकूम आला. जुनी रिव्हॉल्व्हरं जमा करायची, त्याजागी नाइन एमएम पिस्तूल द्यायचं. अट एकच होती. अधिकाऱ्यानं आधी रेंजवर नव्या पिस्तुलानं फायर करायचं, मग ते घेऊन जायचं. अट बरोबर होती. रिव्हॉल्व्हरला सेफ्टी नसते. काढलं, ट्रिगर दाबला, गोळी सुटली. पिस्तुलाचं तसं नाही. आधी स्लाइड मागं ओढून कॉक करायचं, गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी, घ्यायची, डाव्या अंगाचा सेफ्टी कॅच वर करून लावायचा, आणि झाडायच्या वेळी अंगठ्यानं तो खाली पाडायचा. तो खाली पाडला नाही तर कितीही जोर लावा, ट्रिगर हलत नाही. डोक्याला हे एका मिनिटात कळतं. हाताला कळायला दोनशे-तीनशे वेळा करावं लागतं.

मुजावर साहेब सोमवारी दुपारी साडेचारला आले. तीन दिवस पाऊस लागून राहिला होता आणि रेंजवर गुडघाभर पाणी होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना बंदोबस्ताला निघायचं होतं.

"मेजर, माझं जुनंच ऱ्हाऊ द्या की."

"साहेब, हुकूम हाय. जुनं जमा झालं."

"एकोणीस वर्षं झाली. बोटाला त्याचीच सवय हाय."

मी हसलो. म्हणालो, "स्कूटरवाल्याला बाइक दिली की चार दिवस गिअर विसरतोय साहेब. मग बसतंय अंगवळणी."

तेही हसले. मी रिकामं पिस्तूल टेबलावर ठेवून त्यांना दहा मिनिटं शिकवलं. कॉक, सेफ्टी. कॉक, सेफ्टी. लावायची कशी ते पाच-सहा वेळा करून घेतलं. पाडायची कशी ते एकदा दाखवलं. दहा मिनिटांत माझा सगळा भर लावण्यावर होता, कारण कमरेला भरलेलं पिस्तूल चुकून सुटू नये ही आम्हा हत्यारवाल्यांची पहिली भीती. मग मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'रेंजवर सराव झाला.' खाली सही केली. फौजेत मी तशी सही मेलो तरी केली नसती. पण आता सरकारी नोकरीला सरावलो होतो, आणि माणूस ओळखीचा होता.

मी म्हणालो, "पाणी वसरलं की या, पन्नास राउंड काढू."

"येतो की," असं म्हणून ते गेले.

त्यानंतर दहाव्या दिवशी, गुरुवारी, सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी शेजारच्या खोलीतला वायरलेस बोलू लागला. एका दरोड्यातला फरारी माणूस एका गावाबाहेरच्या एसटी थांब्यावर बसल्याची खबर होती. मुजावर साहेब जीपनं तिकडं गेले होते. सोबत ड्रायव्हर कांबळे आणि दोन शिपाई.

"कंट्रोल, गाडी दोन. फायर झालाय."

"गाडी दोन, कुणी केला? ओव्हर."

"समोरच्यानं. साहेब पडलेत. दवाखान्यात घेऊन येतोय."

"साहेब बोलत्यात काय? ओव्हर."

मी शस्त्रागाराला कुलूप लावलं.

१२ वाजून ५ मिनिटांनी मला सरकारी दवाखान्यात बोलावणं आलं. डॉक्टर हात लावायला तयार नव्हते, कारण पिस्तूल अजून साहेबांच्या हातात होतं. गावठी कट्ट्याची गोळी गळ्याखाली लागली होती आणि ते जागीच गेले होते. मूठ तशीच घट्ट राहिली होती. ती सोडवायचं कांबळेला धाडस झालं नव्हतं. हातावर टॉवेल टाकून त्यानं त्यांना तसंच आणलं होतं.

दाराबाहेर कांबळे भिंतीला टेकून बसला होता. मी विचारण्याआधीच तो बोलला.

"जीपमधनं उतरताना साहेबांनी पिस्तूल कॉक केलं. सेफ्टी लावली. मला म्हणले, मेजरचा हुकूम हाय बाबा, पहिली सेफ्टी. हसत म्हणले."

"मग?"

"मग त्यानं कट्टा काढला. साहेबांनी पिस्तूल रोखलं. आनि तसंच हुबे ऱ्हायले. फायर केलंच न्हाय. त्याच्या मागं एसटीची मान्सं होती, बायका-पोरं. मान्सांस्नी लागंल म्हनून थांबले असनार, दुसरं काय?"

मी आत गेलो. पंचनामा लिहिणारे इन्स्पेक्टर दारातच थांबले. भरलेलं पिस्तूल होतं, त्यामुळं त्यांचं थांबणं बरोबरच होतं. टॉवेल मी काढला. हॅमर मागं ओढलेला होता. सेफ्टी कॅच वर होता. आणि साहेबांचं बोट ट्रिगरवर होतं. नुसतं टेकवलेलं नव्हतं, पार रुतलेलं होतं. नखाखाली रक्त गोठून काळं झालं होतं. मरताना माणूस जेवढ्या ताकदीनं दाबेल तेवढ्या ताकदीनं त्यांनी ते दाबलं होतं. ते बोट, ज्याला एकोणीस वर्षांची सवय होती.

मी एकेक बोट सोडवलं. सगळ्यात शेवटी ते. सेफ्टी लागलेली असली की स्लाइड मागं येत नाही, म्हणून पिस्तूल रिकामं करायला मला कॅच खाली पाडावा लागला. तो खाली गेला आणि साहेबांची चूक पुसली गेली. माझीही.

दारातून आवाज आला, "सांगा हवालदार."

"चेंबरमध्ये एक, मॅगझिनमध्ये बारा. एकही राउंड फायर नाही."

"सेफ्टी?"

मी मुजावर साहेबांच्या तोंडाकडं बघितलं. इन्स्पेक्टरांनी पुन्हा विचारलं.

"सेफ्टी ऑफ, साहेब."

त्यांनी लिहून घेतलं. मी त्या वेळी स्वतःला सांगितलं की मेलेल्या माणसाची लाज राखली. फौजदार सेफ्टी विसरला असं पेपरात येऊ नये, त्याच्या पोरींना शाळेत कुणी चिडवू नये. हे खरं होतं. पण सेफ्टी ऑन सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न माझ्या रजिस्टरवर आला असता, हेही तेवढंच खरं होतं. दोन्हींतलं कुठलं आधी मनात आलं ते मला आजही सांगता येत नाही.

पुढचं सगळं कांबळे बोलला तसंच झालं. निष्पाप लोकांच्या जिवासाठी गोळी रोखून धरणारा अधिकारी. पेपरात फोटो आला, मरणोत्तर पदक मिळालं, हुपरीत एका शाळेच्या भिंतीवर नाव लागलं. फरारी माणूस महिन्याभरात पकडला गेला आणि त्याला शिक्षा झाली. ते पिस्तूल कोर्टातून परत आलं. मी ते साफ केलं. दुसऱ्या एका अधिकाऱ्याला द्यायची वेळ आली तेव्हा त्यांना रेंजवर नेऊन एवढे राउंड काढायला लावले की ते माझ्यावर चिडले. दरवर्षी परेडला शहिदांची नावं वाचली जायची. मुजावरांचं नाव आलं की मी सावधानमध्ये उभा राहून समोरच्याच्या टोपीकडं बघायचो.

मी कुणालाच बोललो नाही. बायकोलाही नाही. ती विचारायची, "कुठं असतासा सारखं?" मी म्हणायचो, "इथंच की." दोन वर्षांपूर्वी ती गेली. मुलगा पुण्यात आहे, रविवारी फोन करतो. आता घरात एवढी शांतता असते की कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकतो. ज्याला हे सांगून मोकळं व्हावं असा एकच माणूस होता, आणि तो मला जेवलासा का म्हणून विचारणारा होता.

गेल्या महिन्यात एका दुपारी भाभी आल्या. मुजावर साहेबांची बायको. हुपरीहून एसटीनं एकट्याच. मी चहा टाकला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"मेजर, दरवर्षी शाळेत बोलवत्यात मला. साहेबांची गोष्ट सांगा म्हनत्यात. पोरं टाळ्या वाजवत्यात. यंदा मला जमंना."

"का भाभी?"

"बारा वर्षं झाली, एकच इचार डोस्क्यात हाय. त्यास्नी थांब्यावरची मान्सं दिसली. आमी न्हाई दिसलो व्हय? दोन पोरी हुत्या पदरात. लोक म्हनत्यात देवमानूस. म्या रोज भांडते त्या देवमान्साशी. फोटोकडं बघत न्हाई. तुमी हत्यारवालं. तुमीच सांगा, का न्हाई मारली गोळी?"

मी उभा राहिलो. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं.

"मारली होती, भाभी. म्हणजे त्यांनी ट्रिगर दाबला होता. सेफ्टी लागलेली होती म्हणून सुटली नाही. नव्या पिस्तुलाचा सराव त्यांना मिळाला नव्हता. तो द्यायचं काम माझं होतं. मी दिला नाही, आणि दिला म्हणून सही केली. दवाखान्यातही खोटं मीच बोललो."

मग त्यांनी माझी सही, माझं खोटं, सगळं बाजूला ठेवून एकच विचारलं.

"दाबलं हुतं?"

"जिवाच्या आकांतानं. त्यांचं बोट मी स्वतः सोडवलंय."

"म्हंजे यायचं हुतं त्यास्नी घरला."

"व्हय, भाभी."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मी पाठ फिरवून खिडकीकडं बघत राहिलो. मला रडू आलं होतं आणि ते त्यांना दाखवायचा मला अधिकार नव्हता. थोड्या वेळानं त्या उठल्या, पायात चप्पल सरकवली.

"म्या घरी जाऊन त्यांची माफी मागते," त्या म्हणाल्या. "तुमचं तुमी बघा."

त्या गेल्या. मी कोपऱ्यापर्यंत सोडायला निघालो तर हातानंच नको म्हणाल्या.

माझं मी बघतो आहे, म्हणून हे लिहिलं. वरच्या अधिकाऱ्यांना अर्ज पाठवलाय, त्यात सहीसकट सगळं कबूल केलंय. उत्तर येईल तेव्हा येईल, काय व्हायचं ते होईल. पण परेडला यंदाही नाव वाचतील आणि वाचणारा म्हणेल की त्यांनी गोळी रोखली. ऐकणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. पोलीस उपनिरीक्षक दस्तगीर मुजावर, राहणार हुपरी, वय त्रेचाळीस. त्यांना पदक नको होतं. त्यांनी सगळा जीव बोटात आणून ट्रिगर दाबला होता, कारण घरी त्यांच्या दोन पोरी आणि बायको वाट बघत होत्या.