शिरूर-दौंड लाइनीवरची खोटी खरखर

इंटरनेटवरून फोन लावून देण्याचा धंदा मी काढला, तेव्हा पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते म्हणजे दोन सख्खे भाऊ. ठिबकच्या पाइपांची दोन दुकानं. थोरले आबा शिरूरला, धाकटे आप्पा दौंडला, आणि दिवसभर एकमेकांना फोन. मी हात पसरून जाहीर केलं, “जुने फोन टाकू नका, फॅक्सही टाकू नका! दोन्हीकडं एकेक डबी बसवतो. फोनची वायर डबीत, डबी इंटरनेटला. मग बोला हवं तेवढं!”

फॅक्सनं मला रडवलं. कागद अर्धा यायचा आणि रुसायचा. वेग कमी केला, तेव्हा कुठं अख्खा आला. फोन मात्र इतका स्वच्छ की आप्पा शेजारी येऊन बसल्यासारखे वाटावेत. मी गावभर भाव खात हिंडलो.

आठवडाही झाला नाही तोच आबांचा निरोप आला, ‘या. आम्ही वाटण्या करतोय.’

धावत गेलो. मेजावर दौंडहून आलेला फॅक्स, त्यावर आप्पांचं टपोरं अक्षर, ‘फोन का आपटता?’ शेजारी आबांनी उलट फॅक्सनं धाडलेलं उत्तर, ‘आपटतोस तू.’ माझ्याच कृपेनं भांडण काय सुरेख छापून येत होतं!

“यंत्र बेस हाय तुमचं,” आबा म्हणाले. “भाऊच बिघडलाय. मी बोलायच्या आत फोन ठेवतो. त्यापरास दुकानं येगळी झालेली बरी.”

“माझ्यासमोर लावा बघू,” म्हणत मीही रिसीव्हरला कान लावला.

पलीकडून आप्पा, “पाइपाची गाडी कवा धाडताय?”

आबा विचारात पडले. रिसीव्हर मानेत धरला, चंची काढली, चुना लावला आणि तंबाखू मळायला लागले. मग चिमूट ओठात गेली.

“आबा? आबा?”

आबांनी तोंड मिटूनच हातानं ‘थांब’ अशी खूण केली. फोनवर! पलीकडं खट्ट.

“बघितलंत?” आबा कडाडले.

बघितलं होतंच. मला हसूही येईना, रडूही. दौंडचं इंटरनेट म्हणजे उन्हाळ्यातली नळाची धार. ते वाचवायला, कुणी बोलत नसेल तेव्हा काहीच धाडू नकोस, असं मीच डबीला बजावलं होतं. जुन्या लाइनीवर आबा गप्प झाले तरी खरखर चालू असायची. त्या खरखरीच्या भरवशावर आप्पा वर्षानुवर्षं थांबत आले होते. आता नुसता शुकशुकाट; आप्पांना वाटायचं, आबांनीच फोन आपटला.

यावर डबीतच तोड होती. शांतता झाली की तिनं स्वतःच थोडी खोटी खरखर ऐकवायची. मी न्हावऱ्यावरून मोटारसायकल दामटत दौंड गाठलं.

आप्पा फुगून बसलेले. “आमचं घर फुटायला लागलंय, आन् तुम्ही डबीशी खेळा.”

डबीतली खरखर चालू करून मी म्हणालो, “एकदाच लावा, आप्पा.”

लावला. गाडीचा तोच प्रश्न. आबा गप्प. रिसीव्हरमधून बारीक खर्रर्र यायला लागली. आप्पांच्या भुवया वर गेल्या, खांदे उतरले, पाठ खुर्चीला टेकली.

“मळताय व्हय? मळा, मळा. मी हाय.”

मग तोंडावरून रिसीव्हर बाजूला करून मला हळूच म्हणाले, “जुनी लाइन परत जोडलीत जणू?”

मी अत्यंत गंभीर चेहऱ्यानं होकारार्थी मान हलवली.

एवढ्यात आबांचा तंबाखूभरला आवाज आला, “सकाळीच धाडतो. आन् त्यो फॅक्स फाडून टाक. जेवलास का?”